एनएचएल ड्राफ्ट: आपल्या संघानं कोणता मुलगा घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की बर्फावरच्या हॉकीचे चाहते एकाच विषयावर हमरीतुमरीवर येतात: आपली पाळी आली की कुणाचं नाव घ्यायचं? एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली बर्फावरच्या हॉकीची अव्वल लीग, आणि तिचे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट. हा वाद नीट घालता यावा म्हणून हे पान आहे. उदाहरणासाठी २०१३ चा ड्राफ्ट पुन्हा पुन्हा येईल. त्या वर्षी वरच्या चार मुलांवरून झालेल्या वादात जवळजवळ प्रत्येक मुद्दा आला होता, आणि आता त्या चौघांचं पुढे काय झालं हेही समोर आहे.

ड्राफ्ट म्हणजे लिलावच ना?

नाही. लिलावात पैसा बोलतो, ड्राफ्टमध्ये पाळी. आयपीएलमध्ये किंवा आपल्याकडच्या मैदानी हॉकीच्या हॉकी इंडिया लीगमध्ये संघ बोली लावतात. २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंगसाठी सूरमा हॉकी क्लबनं ७८ लाख रुपये मोजले. एनएचएलमध्ये ३२ संघ ठरलेल्या क्रमानं एकेका मुलाचं नाव घेतात. अशा सात फेऱ्या होतात, म्हणजे साधारण २२४ नावं. नाव घेतलं म्हणजे करार झाला असं नव्हे. त्या मुलाशी एनएचएलचा करार करण्याचा हक्क त्या संघाला मिळतो, इतकंच. पहिल्या कराराच्या पगारालाही कमाल मर्यादा असते. त्यामुळे श्रीमंत संघाला इथे पैशाच्या जोरावर पुढे घुसता येत नाही.

पहिला ड्राफ्ट १९६३ मध्ये मॉन्ट्रियलला झाला. तेव्हा संघ सहा होते आणि नावं घेतली गेली फक्त २१.

कोणती मुलं पात्र असतात? एकाच वर्षी जन्मलेली दोन मुलं वेगवेगळ्या ड्राफ्टमध्ये कशी?

ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत वयाची १८ वर्षं पूर्ण व्हायला हवीत आणि ३१ डिसेंबरपर्यंत वय २० च्या वर जाता कामा नये. उत्तर अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंना २० वर्षांची ही अट नाही.

मॅथ्यू शेफरचा जन्म ५ सप्टेंबर २००७ चा, म्हणून तो २०२५ च्या ड्राफ्टमध्ये आला आणि पहिला निवडला गेला. गॅव्हिन मॅकेनाचा जन्म २० डिसेंबर २००७ चा, म्हणून त्याचा ड्राफ्ट २०२६ चा. दोघांत साडेतीन महिन्यांचंच अंतर आहे, पण मॅकेनाला खेळ दाखवायला एक अख्खा मोसम जास्त मिळाला. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे वयाच्या प्रश्नात ती फार कामाला येते.

क्रम कसा ठरतो? शेवटच्या संघाला पहिली पाळी का मिळत नाही?

कारण मग मोसमाच्या अखेरीस मुद्दाम हरण्यातच फायदा उरेल. म्हणून प्लेऑफला न पोचलेल्या १६ संघांत लॉटरी निघते. १ ते १४ आकड्यांचे चेंडू यंत्रात घालून त्यातले चार काढतात. चार चेंडूंच्या १,००१ जोडण्या होतात. त्यातली एक बाद करून उरलेल्या हजार जोडण्या संघांत वाटलेल्या असतात. पहिल्या जागेसाठी एक सोडत, दुसऱ्या जागेसाठी एक.

लॉटरी जिंकली तरी संघ जास्तीत जास्त १० जागा वर सरकतो. म्हणजे पहिली पाळी फक्त तळाच्या ११ संघांपैकीच कुणाला तरी मिळू शकते. अगदी तळाच्या संघाची पहिल्या सोडतीत शक्यता १८.५ टक्के असते, पण त्या ११ संघांबाहेरचा एखादा संघ जिंकला तर पहिली पाळी त्या तळाच्याच संघाकडे राहते, म्हणून त्याची एकूण शक्यता २५.५ टक्के होते. तो तिसऱ्या जागेच्या खाली मात्र घसरत नाही. २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्स दहाव्या जागेवरून थेट पहिल्या जागी आले आणि शेफरला घेऊन गेले.

वादाच्या दृष्टीनं याचा अर्थ साधा आहे. मे महिन्यात लॉटरी निघेपर्यंत एकाच नावावर अडून बसू नका. आपल्या जागेच्या वरची दोन आणि खालची दोन नावंही अभ्यासून ठेवा.

२०१३ चा वाद नेमका काय होता?

पहिली पाळी डेन्व्हरच्या कोलोरॅडो अॅव्हलँचची होती. समोर चार नावं होती.

सेथ जोन्स हा उंचापुरा बचावपटू. सेंट्रल स्काउटिंग या लीगच्या पारख विभागाच्या अंतिम यादीत उत्तर अमेरिकेतल्या स्केटर्समध्ये (गोलरक्षक सोडून बाकीच्या खेळाडूंत) त्याचा पहिला क्रमांक होता. त्याचे वडील डेन्व्हरच्या संघाकडून बास्केटबॉल खेळले होते आणि सेथ हॉकी शिकला तोही डेन्व्हरलाच. कोलोरॅडोचा बचाव तेव्हा कमकुवत होता, तर सेंटरला, म्हणजे आघाडीच्या मधल्या जागी, डुशेन, ओ'रायली आणि स्टॅस्नी असे तिघे होते. म्हणजे गरज, यादी आणि गावचा मुलगा, तिन्ही बोटं जोन्सकडेच.

हॅलिफॅक्स मूसहेड्सचा सेंटर नेथन मॅकिनन, त्याच संघाचा विंगर (बाजूनं खेळणारा आघाडीपटू) जोनाथन ड्रुअँ आणि फिनलंडच्या ताप्पारा संघाचा सेंटर अलेक्झांडर बार्कोव्ह ही उरलेली तीन नावं.

कोलोरॅडोनं मॅकिननला घेतलं. फ्लोरिडानं बार्कोव्हला, टँपा बेनं ड्रुअँला, आणि जोन्स चौथ्या जागी नॅशव्हिलकडे गेला.

वयातल्या काही महिन्यांनी खरंच फरक पडतो का?

अठराव्या वर्षी पडतो, आणि चाहते ज्या गोष्टीला सर्वांत कमी किंमत देतात ती हीच आहे. जोन्सचा जन्म ३ ऑक्टोबर १९९४ चा, ड्रुअँचा २८ मार्च १९९५ चा, मॅकिननचा १ सप्टेंबर १९९५ चा आणि बार्कोव्हचा २ सप्टेंबर १९९५ चा. जोन्स मॅकिननपेक्षा अकरा महिन्यांनी मोठा. बार्कोव्ह आणखी दोन आठवड्यांनी जन्मला असता तर त्या ड्राफ्टला पात्रही ठरला नसता.

अकरा महिन्यांत मुलाचे खांदे भरतात, स्केटिंगमधला जोर वाढतो, आणि मोठ्या मुलाला एक जादा ज्युनियर मोसमही मिळालेला असतो. म्हणून तुलना करताना हे करा:

१. नावापुढे जन्मतारीख लिहा आणि १५ सप्टेंबरपासून किती महिने दूर ते मोजा.
२. आदल्या जन्मवर्षाच्या १६ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरमध्ये जन्मलेल्या (जोन्ससारख्या) मुलांचा चालू मोसम बाजूला ठेवा आणि त्यांचा आदला मोसम लहान मुलांच्या चालू मोसमाशी ताडून पाहा.
३. तरीही मोठा मुलगा पुढे असेल तर तो खरोखर पुढे आहे.

दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात. मग मोठा मुलगा तयार दिसतो आणि लहान मुलगा कच्चा, आणि वाद तिथेच संपवला जातो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो खरं, पण कोणतं मूल पाळण्यात किती महिने होतं हेही पाहावं लागतं.

पॉइंट कसे वाचायचे? ज्याचे जास्त तोच चांगला नाही का?

गोल आणि असिस्ट (गोलला हातभार लावणारे पास) मिळून होतात ते पॉइंट. २०१२-१३ मध्ये ड्रुअँचे ४९ सामन्यांत १०५, मॅकिननचे ४४ सामन्यांत ७५ आणि बार्कोव्हचे ५३ सामन्यांत ४८. नुसत्या आकड्यांवर बार्कोव्ह कुठेच दिसत नाही. पण तो सतराव्या वर्षी फिनलंडच्या अव्वल लीगमध्ये, दाढीमिशा आलेल्या व्यावसायिकांविरुद्ध खेळत होता. बाकीचे दोघे क्विबेकच्या ज्युनियर लीगमध्ये, सोळा ते वीस वर्षांच्या पोरांविरुद्ध.

लीगची ही तफावत भरून काढायला प्रत्येक लीगला एक गुणक लावतात. तिथून एनएचएलमध्ये आलेल्या खेळाडूंचे आधीचे आणि नंतरचे पॉइंट ताडून तो काढलेला असतो. तो कुणी मोजला आणि कोणत्या वर्षांवरून यावर बदलतो, म्हणून एकाच तक्त्यातले गुणक वापरा, दोन तक्ते मिसळू नका. समजा क्विबेकला ०.२८ आणि फिनलंडला ०.४५ धरला. ड्रुअँचे सामन्याला २.१४ पॉइंट, गुणिले ८२ सामने, गुणिले ०.२८, म्हणजे जवळपास ४९. मॅकिननचे १.७० वरून ३९. बार्कोव्हचे ०.९१ वरून साधारण ३३. सुरुवातीला दुपटीहून मोठं असलेलं अंतर किती आटलं पाहा.

तरीही या हिशेबात ड्रुअँच पहिला येतो, आणि पुढे मोसमातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी जिंकला तो मॅकिनन. म्हणून गुणकावर थांबू नका. पुढच्या चार गोष्टी वेगळ्या काढा:

• पॉवर प्लेचे (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) पॉइंट किती आणि पाच-विरुद्ध-पाच असताना किती. ज्युनियरमध्ये मोकळ्या जागेत जमणारा पास एनएचएलमध्ये जमेलच असं नाही, म्हणून निम्म्याच्या आसपास पॉइंट पॉवर प्लेवर असतील तर सावध व्हा.
• पहिला असिस्ट (गोलच्या लगेच आधीचा पास) किती आणि दुसरा (त्याच्याही आधीचा) किती. दुसऱ्या असिस्टमध्ये नशिबाचा वाटा मोठा.
• सोबत कोण खेळतं. जोडीदार एकोणीस-वीस वर्षांचे आणि आधीच ड्राफ्ट झालेले असतील तर आकडे फुगतात. जोडीदार दुखापतीनं बाहेर असतानाचे सामने शोधून तेवढेच पाहा.
• शॉट किती मारतो. गोलांचं शॉटशी प्रमाण एका मोसमात २० टक्क्यांच्या वर गेलं असेल तर पुढच्या मोसमात ते बहुतेक वेळा खाली येतं. शॉटची संख्या त्या मानानं स्थिर राहते.

सामना पाहताना डोळे कुठे ठेवायचे?

पकवर, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीवर, नको. पक नसताना तो मुलगा काय करतो ते पाहा.

पास येण्याआधी तो मान वळवून मागे बघतो का? दोनदा बघणारा मुलगा पक मिळताच पुढची चाल खेळतो, न बघणारा आधी थांबतो, आणि एनएचएलमध्ये त्या थांबण्याला वेळ मिळत नाही. पहिल्या तीन ढांगांत वेग येतो का? सरळ रेषेतला सर्वोच्च वेग डोळ्यांत भरतो, पण सामन्यात उपयोगी पडतो तो थांब्यातून घेतलेला झटका आणि कडांवर वळण्याची ताकद. गोल कुठून होतात? गोलसमोरच्या पट्ट्यातून होत असतील तर टिकतील. बाजूच्या भिंतीजवळून मारलेले शॉट ज्युनियर गोलरक्षकाला चुकतात, एनएचएलच्या नाही.

बचावपटूच्या बाबतीत मी तरी एकच प्रसंग पुन्हा पुन्हा पाहतो: पक त्याच्या मागे कोपऱ्यात टाकला आहे आणि दोन जण अंगावर येताहेत. तो तिथून स्वच्छ पास काढतो की भिंतीवरून आंधळा फटका मारतो? हे शिकवून थोडं सुधारतं, पण मूळची जाण असावी लागते.

किमान पाच सामने पूर्ण पाहा, त्यातले दोन तरी तगड्या संघाविरुद्धचे. गोलांच्या चित्रफितींवरून मत बनवू नका. त्यात हरवलेले पक नसतात. आणि एका स्पर्धेला सगळं वजन देऊ नका. २०१३ च्या मेमोरियल कप या ज्युनियर संघांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मॅकिननच्या हॅलिफॅक्सनं जोन्सच्या पोर्टलंडला ६-४ नं हरवलं, त्यात मॅकिननचे तीन गोल होते. वाद तिथेच मिटला असं अनेकांना वाटलं. निष्कर्ष बरोबर निघाला, पण एका रात्रीवर निष्कर्ष काढण्याची पद्धत चूकच.

गरज पाहायची की सर्वांत चांगला खेळाडू घ्यायचा?

पहिल्या दहा जागांत सर्वांत चांगला खेळाडू घ्यायचा, गरज नाही. कारण गरज आजची असते आणि मुलगा तीन-चार वर्षांनी तयार होतो. तोवर आजचे खेळाडू बदली झालेले, म्हातारे झालेले किंवा पगार न परवडून गेलेले असतात.

कोलोरॅडोचंच बघा. तीन सेंटर असताना चौथा घेतला म्हणून टीका झाली. काही वर्षांतच स्टॅस्नी, ओ'रायली आणि डुशेन तिघेही संघाबाहेर गेले आणि मॅकिनन उरला. बचावपटूची गरज? २०१६-१७ मध्ये ते फक्त ४८ गुणांवर तळाला राहिले, लॉटरीत चौथ्या जागी घसरले, आणि त्या चौथ्या जागेवर त्यांना केल मकार मिळाला. २०२२ मध्ये दोघांनी मिळून एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप आणला.

उलट बाजूला २०१८ चं मॉन्ट्रियल. त्यांना अनेक वर्षं पहिल्या फळीचा सेंटर हवा होता, म्हणून तिसऱ्या जागी येस्पेरी कोटकानिएमी घेतला. चौथ्या जागी ऑटवानं ब्रेडी कचक घेतला, जो पुढे त्यांचा कर्णधार झाला, आणि सातव्या जागी व्हँकूव्हरनं क्विन ह्यूज, ज्यानं २०२४ मध्ये सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी मिळवली. कोटकानिएमी २०२१ मध्ये कॅरोलायनाकडे गेला. सेंटर हवा होता म्हणून सेंटरचं मोल मनातल्या मनात वाढलं, हीच ती चूक.

गरजेला एकच जागा आहे. दोन मुलं तुमच्या यादीत खरोखर एकाच पायरीवर असतील तर तिथे गरज पाहा. पण दोघं एका पायरीवर आहेत हे आधी ठरवा, गरज आठवल्यानंतर नाही.

बचावपटू लवकर घेणं धोक्याचं असतं का?

उशीर होतो, धोका नाही. बचावपटूला एनएचएलचा वेग पचायला आघाडीच्या खेळाडूपेक्षा एखाद-दोन वर्षं जास्त लागतात. मकार ड्राफ्टनंतर दोन वर्षं मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठात खेळला आणि थेट एप्रिल २०१९ च्या प्लेऑफमध्ये उतरला.

खरा धोका झुंडीचा. २०१२ मध्ये दुसऱ्या ते दहाव्या जागेपर्यंत नऊपैकी आठ बचावपटू गेले. रायली, लिंडहोम आणि ट्रूबा त्यातलेच, पण काही जण एनएचएलमध्ये नीट रुजलेही नाहीत. त्या गडबडीत विंगर फिलिप फोर्सबर्ग अकराव्या जागेपर्यंत खाली आला.

आणि गोलरक्षक?

पहिल्या पंधरांत शक्यतो नको. गोलरक्षक तेविशी-पंचविशीत आकार घेतो, आणि सतराव्या वर्षी त्याच्यात काय दिसतं यावरून अंदाज फार चुकतात. हेन्रिक लुंडक्विस्ट २००० मध्ये २०५ वा गेला. त्याच ड्राफ्टमध्ये पहिला गेलेला रिक डीपिएट्रोही गोलरक्षकच होता. पेक्का रिने २००४ मध्ये २५८ वा. कॉनर हेलेबक २०१२ मध्ये १३० वा, आणि २०२५ ची हार्ट ट्रॉफी त्याची. अपवाद आहेत: फ्लरी पहिला गेला, प्राइस पाचवा, वासिलेव्हस्की एकोणिसावा, आणि तिघंही नावाला जागले. पण दर ड्राफ्टमध्ये चौथ्या-पाचव्या फेरीत एक गोलरक्षक घेत राहणं हे पहिल्या फेरीची एक निवड पणाला लावण्यापेक्षा स्वस्त पडतं.

मुलगा बुटका असेल तर?

कमी उंची दुसऱ्या फेरीपासून तुमच्या बाजूनं काम करते, कारण बाकीचे संघ घाबरतात. ॲलेक्स डेब्रिंकॅट ३९ वा गेला, ब्रेडन पॉइंट ७९ वा, दिवंगत जॉनी गॉड्रो १०४ वा. तिघांच्याही ज्युनियर आकड्यांत खोट नव्हती.

मात्र बुटक्या मुलाला एक गोष्ट असाधारण लागते: स्केटिंग, किंवा शॉट, किंवा पक राखण्याची अक्कल. सगळंच 'बरं' असेल तर तो मागे पडतो. उंच मुलाच्या बाबतीत उलटी चूक होते. तो ज्युनियरमध्ये नुसत्या शरीराच्या जोरावर जिंकत असेल तर तो जोर एनएचएलमध्ये सगळ्यांकडेच असतो.

रशियन खेळाडू घेताना काय पाहायचं?

कराराची शेवटची तारीख. केएचएल या रशियाच्या अव्वल लीगमधला करार संपेपर्यंत मुलगा येत नाही, आणि ड्राफ्टच्या दिवशी हाच हिशेब मांडायचा असतो.

२०२३ मध्ये मात्वेई मिचकोव्हचा सेंट पीटर्सबर्गच्या एसकेएशी करार २०२६ पर्यंत होता. गुणवत्तेच्या मानानं तो सातव्या जागेचा नव्हता, पण तीन वर्षं थांबायला वरचे संघ तयार नव्हते. पाचव्या जागी मॉन्ट्रियलनं ऑस्ट्रियाचा बचावपटू डेव्हिड राइनबाखर घेतला, सातव्या जागी फिलाडेल्फियानं मिचकोव्ह. एसकेएनं त्याला लवकर सोडलं, तो २०२४ मध्येच आला आणि पहिल्या मोसमात २६ गोल, ६३ पॉइंट केले. राइनबाखरला दरम्यान गुडघ्याची दुखापत झाली. तिचा दोष निवड करणाऱ्यांना देणं बरोबर नाही. पण तीन वर्षांच्या प्रतीक्षेला त्यांनी फार जास्त वजन दिलं, असं आमचं मत आहे. संघ नव्यानं उभा राहत असेल तर तीन वर्षं तशीही लागणारच असतात. किरिल काप्रिझोव्हसाठी मिनेसोटा २०१५ पासून २०२० पर्यंत थांबली, आणि आल्या वर्षीच तो सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याची निवड १३५ वी होती.

दुखापतीनं मोसम बुडालेला असेल तर?

दुखापत कशाची ते आधी पाहा. मोडलेलं हाड भरून येतं. पाठीचा, कमरेचा किंवा वारंवार डोक्याला मार बसण्याचा त्रास मात्र पुढेही उद्भवू शकतो. शेफरचं गळपट्टीचं हाड डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक ज्युनियर स्पर्धेत मोडलं, ईरी या ज्युनियर संघाकडून तो मोसमात फक्त १७ सामने खेळला, तरी पहिलाच गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एनएचएलमध्ये खेळू लागला. सामने कमी असतील तर आदल्या मोसमाचं वजन वाढवा. वैद्यकीय तपासणीचे कागद संघांकडे असतात, आपल्याकडे नसतात. अचानक खाली घसरलेल्या नावामागे ते कारण असू शकतं.

कंबाइनच्या चाचण्यांना किती महत्त्व द्यावं?

फारच कमी. कंबाइन म्हणजे ड्राफ्टआधीची शारीरिक तपासणी. बफेलोला साधारण शंभर मुलांना बोलावून सायकल, लांब उडी, पुल-अप, चपळता अशा चाचण्या घेतात. सगळं जिममध्ये, बर्फावर काहीच नाही. २०१४ मध्ये सॅम बेनेटला एकही पुल-अप काढता आली नाही आणि त्यावरून गदारोळ झाला. तो चौथा निवडला गेला, आणि २०२५ च्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी त्यानंच उचलली. संघांना तिथे खरा रस असतो तो मुलाखतींत आणि वैद्यकीय अहवालांत.

इतक्या याद्या, प्रत्येकीचा क्रम वेगळा. कोणती धरायची?

कोणतीही एक नको. सेंट्रल स्काउटिंग उत्तर अमेरिकेची आणि बाहेरची मुलं वेगळ्या याद्यांत ठेवतं, गोलरक्षकही वेगळे. म्हणजे तिथला 'दुसरा' हा एकूण दुसरा नसतो. नवखे लोक इथेच फसतात.

चार-पाच याद्या घ्या आणि क्रमाऐवजी पायऱ्या पाडा. एखादा मुलगा सगळीकडे तिसरा ते पाचवा असेल तर त्याच्याबद्दल एकमत आहे. एखादा एकीकडे चौथा आणि दुसरीकडे अठरावा असेल तर वाद घालण्यासारखा मुलगा तो. पायरी जिथे संपते तिथे जाड रेघ मारा. तुमची पाळी रेघेच्या लगेच वर असेल तर निवड करा. रेघेच्या बऱ्याच वर असेल आणि त्या पायरीवर चार-पाच मुलं उरली असतील, तर खालच्या संघाशी पाळीची अदलाबदल करून दोन जागा खाली सरकणं आणि बदल्यात जादा निवड पदरात पाडून घेणं शहाणपणाचं.

घरी किंवा मित्रांत हा वाद शिस्तीत कसा घालायचा?

पाळी पाचवी असेल तर पाच नावं पुरतात. चार गेली तरी एक उरतंच. प्रत्येकानं बोलण्याआधी आपला क्रम कागदावर लिहायचा, नाहीतर मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांचा क्रम ठरवतो. मग जिथे दोघांच्या क्रमात दोन जागांहून जास्त फरक आहे तेवढ्याच नावांवर बोला. प्रत्येक नावाला एक वकील आणि एक विरोधक नेमा, आणि दर वेळी त्यांची अदलाबदल करा. शेवटी निवडलेल्या नावापुढे एका ओळीत कारण लिहून तारीख घाला. 'स्केटिंग बरं आहे' हे कारण नव्हे. 'पाच-विरुद्ध-पाचमध्ये त्याचे पॉइंट जास्त आणि तो चार महिन्यांनी लहान' हे कारण.

निवड बरोबर होती हे कधी कळतं?

पाच वर्षांनी, त्याआधी नाही. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा मोसमात एनएचएलचे दहापेक्षा कमी सामने खेळला तर त्याचा पहिला करार एक वर्ष पुढे सरकतो. म्हणून नऊ सामने खेळवून त्याला ज्युनियरमध्ये परत पाठवलं, तर तो नापास झाला असं समजू नका. संघ एक स्वस्त वर्ष वाचवत असतो.

जोन्सकडेही याच नजरेनं पाहा. चौथ्या जागेवरचा हा मुलगा २०२५ मध्ये फ्लोरिडाकडून स्टॅन्ली कप जिंकला, आणि त्या संघाचा कर्णधार होता बार्कोव्ह.

संघानं आमच्या यादीत नसलेलाच मुलगा घेतला तर?

रागावण्याआधी तीन गोष्टी शोधा: जन्मतारीख, लीग आणि त्याला सामन्यात मिळणारा वेळ. २०१९ मध्ये डेट्रॉइटनं सहाव्या जागी मॉरिट्झ झायडरचं नाव घेतलं तेव्हा बहुतेक चाहत्यांनी कपाळावर हात मारला. पण तो मुलगा नुकताच मानहाइमच्या संघातून, मोठ्या माणसांत खेळून, जर्मनीचं विजेतेपद जिंकून आला होता, आणि तोही १८ व्या वर्षी, बचावपटू म्हणून. २०२२ चा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला.